ऊनाचा बाप

डेस माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं : "तुझ्या बायकोचं नाव काय?"

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या कारखान्यात मी नुकताच रुजू झालो होतो. तिसरा दिवस. एका पंपाची दुरुस्ती चालली होती. तिथला नियम असा, की पंपाची वीज तोडली की काम करणाऱ्या प्रत्येकाने त्या खटक्यावर आपापलं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे तो बाहेर येईपर्यंत कुणाला वीज सुरू करता येत नाही. फिटरचं कुलूप लागलेलं होतं, ऑपरेटरचंही होतं. दोन असताना तिसरं कशाला, अशी अस्सल नागपुरी अक्कल चालवून मी पुढे झालो, तेवढ्यात पांढऱ्या भुवयांचा, उन्हाने लालबुंद झालेला एक उंच गोरा माणूस वही उघडून माझ्यासमोर उभा राहिला. मी म्हटलं, प्रज्ञा. त्याने स्पेलिंग विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं, मग फोन नंबर मागितला. मी विचारलं, हे सगळं कशाला? तर म्हणाला, "संध्याकाळी तिला फोन मला करायचाय ना. निदान नाव तरी धड उच्चारता यायला हवं."

मी निमूट कुलूप आणायला गेलो.

हा डेस आमचा सेफ्टी ऑफिसर. आता तो सिंगापुरात नाही. निवृत्त होऊन गावी गेला. पण त्याआधी बारा वर्षं त्याने त्या बेटावरच्या आम्हा सगळ्यांचा भरपूर छळ केला आणि कुणाला मरू दिलं नाही. "घाई करणाऱ्याला मी अडवत नाही," असं तो म्हणे, "फक्त बायकोचं नाव विचारतो." कुलपाच्या बाबतीत तर तो कर्मठ होता. दुसऱ्याचं कुलूप काढणं हा त्याच्या लेखी खुनाच्या जवळपासचा गुन्हा. एका मॅनेजरने जेवायला गेलेल्या फिटरचं कुलूप कटरने तोडलं, तेव्हा डेसने त्या मॅनेजरला पुन्हा प्लँटमध्ये पाऊल टाकू दिलं नाही.

आमचं बोलणं इंग्रजीत. ते इथे मराठीत आणताना निम्मी गंमत वाटेत सांडणार, याला इलाज नाही. त्याच्या बोलीत प्रत्येक गोष्टीला 'वी' लागायचं, म्हणजे छोटंसं. वी चहा, वी सही, वी गप्पा. एकदा कॉम्प्रेसरने पेट घेतला तेव्हा त्याने कंट्रोल रूमला फोन करून सांगितलं, "आपल्याकडे एक वी आग लागली आहे." तिकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, मग मी जेवून येऊ का? आणि सगळं ठीक असलं की तो म्हणायचा, 'ग्रँड'. पगारवाढ ग्रँड, सूप ग्रँड, पाऊस थांबला तरी ग्रँड.

तो उत्तर आयर्लंडचा. आयर्लंडला उत्तर-दक्षिण असते हे मला त्याच्यामुळे कळलं. बेटाचा मोठा भाग स्वतंत्र देश, उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे. त्या तुकड्यात कॅथलिकांना बहुतेक आयर्लंडशी एक व्हायचं, प्रोटेस्टंटांना बहुतेक ब्रिटनबरोबर राहायचं, आणि त्यावरून तीस वर्षं बाँब आणि बंदुका. मग करार झाला, बंदुका खाली ठेवल्या गेल्या, जगाने टाळ्या वाजवल्या. डेस कॅथलिक. कंपनीच्या बसमध्ये सकाळी साडेसहाला तो माझ्या शेजारी बसायचा आणि बेटाच्या फाटकावर पास दाखवेपर्यंत आमच्या गप्पा चालायच्या. तिथे एकदा म्हणाला, "आमच्याकडे 'तू कोणत्या बाजूचा' असं थेट विचारणं असभ्य समजतात. आधी नाव विचारतात. मग शाळा. मग लहानपणी कुठला खेळ खेळायचास. तिसऱ्या प्रश्नाला तुझी फाइल तयार."

मला हसू आवरेना. म्हटलं, तुम्ही फारच मागासलेले. आमच्याकडे एका प्रश्नात काम होतं. मी बौद्ध. सिंगापुरातल्या मराठी मंडळींच्या जेवणात कुणी अगदी गोड आवाजात विचारतं, "आडनाव काय म्हणालात?" आणि मी सांगितलं की समोरच्याच्या कपाळामागे गणित सुरू झालेलं मला दिसतं. पुष्कळ वर्षं मी नुसतं 'मिलिंद' सांगून पुढे कंपनीचं नाव जोडत असे. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं की तो "छे, छे, आता कुठे तसं राहिलंय" म्हणतो. डेस तसं म्हणाला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हो ना. चेहरा किती सभ्य ठेवतात, नाही?" त्या दिवशी तो माझा मित्र झाला.

त्याची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली. एकुलती एक मुलगी ऊना, ती गावाकडे. काय करते विचारलं की उत्तर ठरलेलं : "नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर असते." कोणीही, केव्हाही विचारलं तरी तेच, त्याच सुरात. मला वाटायचं, मुलगी फारशी शिकली नसावी आणि बापाला ते डाचत असावं. आपण मराठी माणसं दुसऱ्याच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल किती चटकन निष्कर्ष काढतो!

एका रविवारी तो क्वीन्सटाउनला आमच्याकडे जेवायला आला. जुन्या सरकारी इमारतीतला आमचा भाड्याचा फ्लॅट, सातवा मजला. भिंतीवर बुद्धाची आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातली तसबीर. त्याने दोन्ही नीट पाहिल्या, दुसरीबद्दल तासभर प्रश्न विचारले आणि वांग्याच्या भाजीने डोळ्यांत पाणी आलं तरी ती ग्रँड असल्याचं सांगितलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी हात धुताना तो थांबला तो थांबलाच. समोरच्या इमारतीत रीतीप्रमाणे प्रत्येक खिडकीतून बांबूच्या काठ्या बाहेर आलेल्या आणि त्यांवर कपडे वाळत घातलेले. एका काठीवर पोलिसाचा गडद निळा शर्ट, दोन्ही बाह्यांतून काठी घातलेली, वाऱ्यावर डोलत होता.

"असाच वाळत घालतात?" त्याने विचारलं. "बाहेर? सगळ्यांना दिसेल असा?"

प्रज्ञा म्हणाली, "मग कुठे घालणार? घरात वास येतो."

तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पाहून प्रज्ञाने खुर्ची पुढे ओढली. मग खुर्चीत बसून, कसली तरी कबुली द्यावी तसा तो म्हणाला, "माझी ऊना पोलिसात आहे. सात वर्षं झाली. तिचा गणवेश ती घरातच वाळवते, पडदे लावून." प्रज्ञाने फोटो मागितला. त्याने फोनमध्ये बराच वेळ शोधून एक फोटो तिला पाठवला. प्रशिक्षण संपल्याच्या परेडचा. टोपीखाली बापाच्याच भुवया, आणि हसू असं की आपणही हसावं. "हे आपल्यापुरतं हं," डेस म्हणाला. "त्याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही."

आता माझ्या मूर्खपणाबद्दल लिहायला हवं.

माझी थोरली बहीण फौजदार झाली तेव्हा आमच्या वस्तीत उघड्या जीपमधून तिची मिरवणूक निघाली होती. निळा गुलाल, ताशा, आणि चौकात तिच्या फोटोचा फलक, खाली हातभर अक्षरांत आमचं पूर्ण आडनाव. बाबा तेव्हा "कशाला हे सगळं, राहू द्या, घरच्या घरी ठीक आहे" असं दिवसभर म्हणत होते आणि पुन्हा पुन्हा चौकात जाऊन फलक बघून येत होते. त्यानंतर बाबांनी आडनाव पुटपुटणं सोडलं. आमच्या घरातलं लपवणं त्या वर्दीने संपवलं. त्यामुळे डेसचं 'आपल्यापुरतं' मला बाबांच्या 'राहू द्या'सारखंच वाटलं. बिचारा संकोची माणूस, मनातून आनंदलेला, आणि या परक्या देशात त्याच्या मुलीचं कौतुक करायला कोणी नाही! सोमवारी सकाळी बसची वाट बघता बघता मी प्रज्ञाकडून घेतलेला तो फोटो कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. साठेक माणसांचा ग्रुप. वर लिहिलं, 'आपल्या डेसची कन्या ऊना, पोलीस अधिकारी. अभिमानी बापाचं अभिनंदन!'

बस फाटकाशी पोचेपर्यंत टाळ्यांची आणि फुलांची चित्रं धडाधड येऊ लागली. डेस त्या दिवशी लवकरच्या बसने पुढे गेला होता. मी त्याच्या खोलीत हसतच शिरलो. तो फोन हातात धरून उभा होता आणि त्याचा तो कायम लाल असणारा चेहरा पिठासारखा झाला होता.

"तू माझं कुलूप काढलंस, मिलिंद," तो म्हणाला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मला बसवलं, फोटो काढून टाकायला लावला आणि मग, नवख्या माणसाला वायुगळती समजावतात तसं, पायरीपायरीने सांगितलं. करार झाला तरी तो न मानणारे थोडे उरले. जुन्या संघटनेतून फुटलेले, मूठभर. करारानंतर पोलीस दल नव्याने उभं केलं आणि दोन्ही बाजूंची मुलं त्यात घ्यायची ठरली. या मूठभरांचा सगळ्यात जास्त राग कॅथलिक घरांतून पोलिसात जाणाऱ्या मुलांवर. कारण ती मुलं गेली तर लढाई खरंच संपली असं होतं. मग ते रात्री येऊन त्यांच्या गाडीखाली डब्याएवढा बाँब चिकटवून जातात. ऊना सात वर्षं रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी रस्त्यावर गुडघे टेकून खाली बघते. शेजाऱ्यांनी विचारलं तर मांजर शोधते म्हणून सांगते. तिच्या बरोबरीच्या एकाच्या गाडीखाली खरंच बाँब लावलेला होता. वाटेत गळून पडला, फुटला नाही, म्हणून तो वाचला.

"पण इथे? सिंगापुरात?" मी म्हटलं.

"ग्रुपमध्ये शटडाउनच्या, म्हणजे प्लँट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या कामासाठी आलेला एक वेल्डर आहे. माझ्या गावापासून वीस मैलांवरचा."

"तो वाईट माणूस आहे का?"

"उलट. फार चांगला आहे. वाईट माणसाला मी इतका भीत नाही, ते थोडे असतात. चांगली माणसं पुष्कळ असतात आणि त्यांना बोलायला आवडतं. हा आईला सांगेल, आई दुकानात सांगेल."

मग तो फोन घेऊन बाहेर गेला. मुलीला सांगणं भाग होतं. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. चांगल्या हेतूने केलं, हे तेव्हा कुणाला सांगायलाही तोंड नव्हतं.

दुपारी कँटीनमध्ये तो वेल्डर आपणहून आमच्या टेबलाशी आला. दणकट, हातांवर भाजल्याच्या खुणा. खाली न बसता डेसला म्हणाला, "मी सकाळी ग्रुप बघितलाच नाही. माझा फोन बिघडलाय." मग जरा थांबून, "तिला जपून राहायला सांगा." डेसने मान हलवली. तो माणूस गेल्यावर डेसने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. पण नियम तो नियम. ऊनाच्या वरिष्ठांनी तिला घर बदलायला लावलं. सात वर्षांतलं तिसरं घर, आणि या घरामागे तिने स्वतः लावलेली बाग होती. हे त्याने मला सांगितलं नाही. पुढे तिच्याकडून कळलं.

दोन आठवडे डेस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला. मग एका सकाळी बसमध्ये नेहमीसारखा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तू लिहिलं होतंस, अभिमानी बाप." मी मान खाली घातली. "ते खोटं होतं. तिच्या परेडला मी गेलो नव्हतो. सगळ्यांना सांगितलं, रजा मिळाली नाही. स्वतःला सांगितलं, मला कोणी पाहिलं तर तिला धोका. पण खरं सांगू? जुन्या पोलिसांनी मला सतरा वर्षांचा असताना रस्त्याकडेला उभं करून बडवलं होतं. तोच गणवेश माझ्या पोरीच्या अंगावर मला बघवणार नव्हता. मी तिला म्हणालो होतो, तुला जगात दुसरी नोकरीच मिळाली नाही का? ती म्हणाली, बाबा, करार झाला ना? मग कोणीतरी तो खरा धरून चालायला नको का?" त्याने पास काढून हातात धरला. "पहिलं अभिनंदन तिला तुझ्या त्या गाढवपणातून मिळालं. काढून टाकायच्या आधी मी त्या मेसेजचा आणि टाळ्यांचा फोटो घेऊन तिला पाठवला. ती म्हणते, साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यात माझा बाप नव्हता."

नवं घर मिळेपर्यंत ऊनाला रजा होती. ती सिंगापूरला आली. डेसचा बेडोकचा फ्लॅट एका खोलीचा, म्हणून मुक्काम आमच्याकडे. पहिल्या दिवशी मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुम्ही केलंत ते माझ्या बाबांनी करायला हवं होतं. फक्त ग्रुप चुकला." मग प्रज्ञाने जाहीर केलं की सत्कार होणार, आणि रीतसर होणार.

आमच्यात नारळ नाही. शाल आणि फुलं. शाल प्रज्ञाच्या आईने पाठवलेली, पेढे लिटिल इंडियातले. दार बंद, पडदे ओढलेले, सगळ्यांचे फोन प्रज्ञाने गोळा करून ओव्हनमध्ये ठेवले. उपस्थिती एकूण चार. पण चारच का असेनात, प्रास्ताविक आणि आभारप्रदर्शनाशिवाय मराठी सत्कार होत नसतो. मी उभं राहून सात मिनिटं प्रास्ताविक केलं. ऊना गंभीरपणे ऐकत होती, डेस घड्याळ बघत होता. प्रज्ञाने शाल घातली. मग मी म्हटलं, "आता सत्कारमूर्तींचे वडील दोन शब्द बोलतील."

डेस उठला. रोज सकाळी शंभर माणसांसमोर घसा फोडून बोलणारा हा माणूस खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "मी परेडला आलो नाही," एवढंच म्हणाला. ऊना उठून त्याच्याजवळ गेली आणि अंगावरच्या शालीचा अर्धा भाग तिने त्याच्या खांद्यावर घातला. दोघं तशीच उभी राहिली. आभारप्रदर्शन प्रज्ञाकडे होतं. पण ती रडत होती, त्यामुळे ते राहूनच गेलं.

ऊना परत जायला निघाली त्या सकाळी मी आणि डेस तिला खाली पोचवायला निघालो. लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली आणि बाजाराची चाकांची पिशवी ओढत एक म्हातारी चिनी बाई आत आली. इथे या वयाच्या बायकांना सगळे आंटी म्हणतात, आणि आंटींना चौकशा करायचा परवाना असतो. तिने ऊनाच्या बॅगा बघितल्या, मग दोघांच्या भुवया बघितल्या.

"युअर डॉटर, आह?" तिने डेसला विचारलं. "व्हॉट वर्क शी डू?"

ऊनाने मान खाली घातली. सवयीनेच. मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघू लागलो. डेसने तोंड उघडलं. तलावाचं वाक्य जिभेवर तयार असणार, सात वर्षं घोटलेलं. पाचावरून चार झाले, चारावरून तीन.

"पोलीस," डेस म्हणाला. "माझी मुलगी पोलीस आहे."

"वाह! पोलीस व्हेरी गुड, व्हॉट!" आंटीने खूश होऊन ऊनाचा दंड थोपटला. "आयर्न राइस बोल!" भाताचा लोखंडी वाडगा, म्हणजे कधी न फुटणारी, कायमची नोकरी, इथली जुनी माणसं सरकारी नोकरीला तसं म्हणतात. मग तिने डेसकडे वळून जरा दटावल्यासारखं विचारलं, "यू मस्ट बी व्हेरी प्राउड, आह?"

लिफ्टचं दार उघडलं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बाकांवर म्हातारे पेपर वाचत बसले होते, शाळेच्या गणवेशातल्या मुली घोळक्याने चालल्या होत्या, टॅक्सीवाला काच खाली करून वाट बघत होता. डेस बाहेर पडला, त्या सगळ्यांच्या मधोमध थांबला आणि आंटीला ऐकू कमी येत असावं अशा आवाजात म्हणाला, "हो. खूप."